लिंगाण्याची उतरण : गुडघ्याखाली पाय नसलेल्या एका खलाशाचं प्रकरण

हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू झाला की जेट्टीवर पाय ठेवायला जागा उरत नाही. त्या गर्दीत बर्फाच्या लाद्या फोडणारा, तिशीला टेकलेला एक तरुण रोज असतो. सपाटीवर त्याच्या चालीत वेगळं काही दिसत नाही. जेट्टीच्या पायऱ्या उतरून होडीकडे जाताना मात्र तो वरच्या पायरीवर क्षणभर थांबतो, अंग जरा तिरकं करतो, डावा पाय आधी खाली टाकतो आणि मग उजवा. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. त्या क्षणभराच्या थांबण्यात या प्रकरणातलं बरंच काही आहे, म्हणून सुरुवात तिथून केली.

मी दापोली तालुक्यात फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करते आणि कॉलेजपासून सह्याद्रीत चढाईला जाते. तो माझ्याकडे पेशंट म्हणून आला आणि जवळजवळ तीन वर्षं आम्ही लिंगाणा या एका सुळक्यासाठी काम केलं. त्याच्या संमतीनं हे लिहिते आहे, नाव देत नाही. मजकूर त्यानं वाचला आणि एकच दुरुस्ती सांगितली. अपघात वायरीनं झाला असं मी लिहिलं होतं. तो म्हणाला, "वायर नाय ताई, दोर." ही दुरुस्ती किती मोठी आहे ते पुढे येईलच.

आला तेव्हा

अपघात रात्रीचा. ट्रॉलरवर जाळं ओढताना विंचवर, म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्रावर, गुंडाळला जाणारा दोर सैल पडला, त्याचा फास डाव्या घोट्याभोवती बसला आणि त्याच क्षणी दोराला पुन्हा ताण आला. विंच थांबेपर्यंत घोटा चिरडला होता. बोट बंदराला लागायला काही तास गेले, पुढे रस्त्याचे तास. शस्त्रक्रियेत नडगीच्या मध्यावर पाय काढावा लागला. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता.

तीन महिन्यांनी माझ्याकडे आला तेव्हा जखम भरलेली होती, पण गुडघा पूर्ण सरळ होत नव्हता. आईनं मायेनं गुडघ्याखाली उशी दिली होती आणि तो तीन महिने तसाच पडून होता. उशीनं ठणका कमी वाटतो, पण मांडीमागचे स्नायू आखडतात आणि गुडघा वाकलेल्या स्थितीतच घट्ट होतो. अशा गुडघ्याखाली कृत्रिम पाय बसवता येतो, पण त्यावर उभं राहणं म्हणजे दिवसभर अर्धी बैठक मारून उभं राहणं. ही गोष्ट शस्त्रक्रियेनंतर पहिल्याच दिवशी घरच्यांना सांगायची असते. त्या माउलीला ती कुणी सांगितली नव्हती. मी सांगितली तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला, आणि पुढचे कित्येक महिने तिला वाटत राहिलं की लेकाचं नुकसान आपल्याच हातून झालं. तसं नव्हतं. आम्ही उशी काढली, दिवसातून तीन वेळा त्याला पालथं झोपवलं, मांडीचे पुढचे स्नायू वळणावर आणले. गुडघा सरळ व्हायला दोन महिने लागले.

दुसरी अडचण नसलेल्या पायाची होती. रात्री त्याला घोट्याभोवती दोर आवळल्यासारखा वाटायचा, जो घोटा आता नव्हताच. ही छाया-वेदना. अवयव गेला तरी मेंदूतला त्याचा नकाशा पुसला जात नाही, आणि पुष्कळदा शेवटच्या क्षणी झालेली वेदनाच त्या नकाशावर राहून जाते. मेंदूशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात पुढे आणलेली आरशाची पद्धत आम्ही वापरली. दोन पायांच्या मधे उभा आरसा ठेवायचा, उजव्या पायाचं प्रतिबिंब डाव्याच्या जागी दिसेल असा, आणि उजवा पाय सावकाश हलवायचा. सगळ्यांना गुण येत नाही. त्याला आला. आरशात बघत तो "फास" सोडवायचा. पूर्ण गेला नाही, सैल झाला.

त्यानं मागितलं ते

उपचार सुरू करताना मी प्रत्येकाला विचारते, तुला काय करता यायला हवं? लोक म्हणतात, बाजारापर्यंत जाता यावं, संडासला बसता यावं, होडीत चढता यावं. तो म्हणाला, "लिंगाणा."

सातवीत असताना शाळेची सहल रायगडावर गेली होती. जगदीश्वराच्या देवळामागून पूर्वेला बघितलं की सह्याद्रीच्या भिंतीपासून सुटून एकटाच उभा राहिलेला शिवलिंगासारखा सुळका दिसतो. तो लिंगाणा. गुरुजींनी सांगितलं की शिवकाळात तिथे तुरुंग होता, कातळातल्या गुहेत कैदी ठेवत. पायऱ्या तुटल्या, आता दोर लावूनच जावं लागतं. समुद्रावर वाढलेल्या त्या पोराच्या डोक्यात ते बसलं. पुढे बोटीवर लागला, आठ महिने दर्यावर आणि पावसाळ्यात जाळी विणायला घरी, त्यामुळे राहून गेलं. अपघातानंतर मन रमावं म्हणून नातेवाइकांनी त्याला रायगडावर नेलं, रोपवेनं. सगळे समाधीपाशी नमस्कार करून फोटो काढत होते आणि हा कुबड्या टेकून पूर्वेकडे बघत उभा होता.

मी तेव्हा म्हटलं, "आधी घरातून अंगणात जायला शीक." सल्ला म्हणून ते बरोबर होतं. पण ज्या आवाजात म्हटलं त्यातून त्याला ऐकू गेलं की ही बाई आपलं म्हणणं बाजूला ठेवते आहे. त्यानं पुढचे पाच महिने लिंगाण्याचं नाव काढलं नाही आणि मला वाटलं, विसरला. पेशंटचं ध्येय आपल्याला अवघड वाटलं की आपण ते नंतरवर ढकलतो, आणि पेशंट ते आपल्यापासून लपवायला लागतो. मग व्यायाम कशासाठी चाललेत हे दोघांनाही माहीत नसतं. त्याच्या वहीत मागच्या पानावर लिंगाण्याचं पेन्सिलनं काढलेलं चित्र मला दिसलं तेव्हा मी माफी मागितली, आणि खरं काम त्या दिवशी सुरू झालं.

गावातली मंडळी त्याला मोबाईलवर व्हिडिओ दाखवत. रेल्वेखाली पाय गेलेल्या अरुणिमा सिन्हा दोन वर्षांत, २१ मे २०१३ला, एव्हरेस्टवर पोचल्या. मग तू का नाही, असा सूर. हेतू चांगलाच होता, पण त्याचं ओझं व्हायचं. मी त्याला त्याच माणसांच्या गोष्टींतला दुसरा भाग सांगत राहिले. टॉम व्हिटेकर हे पाऊल गमावूनही एव्हरेस्ट चढलेले पहिले गिर्यारोहक, २७ मे १९९८ची चढाई, पण ती त्यांची तिसरी वेळ होती. आधी १९८९ आणि १९९५ला ते परत फिरले होते. चीनचे शिया बोयू दोन्ही पाय नसताना २०१६ साली शिखराच्या जवळून वादळामुळे माघारी आले आणि १४ मे २०१८ला, एकोणसत्तराव्या वर्षी, वर पोचले. तो त्यांच्या परत येण्याबद्दलच जास्त विचारायचा. कुठून फिरले, कुणी ठरवलं, खाली कसे आले.

पाय

पहिला पाय त्याला जयपूर फूट मिळाला. १९६८ साली जयपुरात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवलेलं हे रबरी पाऊल आपल्या राहणीसाठीच बनलेलं आहे. उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते, अनवाणी चालता येतं, पाण्यात भिजलं तरी बिघडत नाही. बंदरावरच्या माणसाला याहून योग्य पाऊल नाही, आणि आजही तो जेट्टीवर तेच वापरतो.

कातळाचं गणित मात्र वेगळं. इथे मला ह्यू हेर या गिर्यारोहकाच्या अनुभवाचा फार उपयोग झाला. १९८२च्या जानेवारीत, सतराव्या वर्षी, अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनवर हिमवादळात अडकून त्यांचे दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले. त्यांनी स्वतःसाठी चढाईचे पाय बनवले आणि ते पायासारखे दिसायला हवेत हा आग्रहच सोडून दिला. कपारीत शिरेल असं अरुंद पाऊल, बारीक कंगोऱ्यावर उभं राहील असं ताठ पाऊल. कृत्रिम पाय बनवणाऱ्या पुण्यातल्या एका प्रॉस्थेटिस्टना ही कल्पना पटली. त्यांनी आमच्यासाठी एक आखूड, ताठ पाऊल तयार केलं आणि त्याच्या तळाला क्लायम्बिंग शूजचं रबर चिकटवलं. लांब पाऊल टोकावर वजन पडलं की वाकतं, आखूड वाकत नाही. शिवाय कातळावर ताणून उभं राहिलं की धडधाकट माणसाची पोटरी शिलाई मशीनसारखी थरथरायला लागते. कृत्रिम पायाला पोटरीच नसल्यानं तो थरथरत नाही.

पाऊल बदलणं सोपं असतं. उरलेला पाय ज्या खोबणीत बसतो त्या सॉकेटखाली चार स्क्रूंचा जोड असतो. त्यातले लगतचे दोनच सैल करायचे, म्हणजे परत बसवताना पायाचा कोन जसाच्या तसा राहतो. चारही सोडले तर कोन हरवला. हे स्क्रू फिरवायची ऍलन-की त्यानं गळ्यात दोरीला अडकवली आणि दुसरी माझ्या सॅकमध्ये.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो घामानं. हे कोकणातल्या माणसालाच नीट कळेल. उरलेल्या पायाला आम्ही स्टंप म्हणतो. त्यावर सिलिकॉनचा लायनर, वर मोजे, मग सॉकेट. लायनरमधून हवा जात नाही. दमट हवेत अर्ध्या तासात आत पाणी साचतं, लायनर सरकायला लागतो, सरकला की कातडी घासते, घासली की फोड. त्यातच स्टंपचं आकारमान दिवसभरात कमी होत जातं, सकाळी घट्ट बसलेली सॉकेट दुपारी ढिली होते आणि पाय आत खाली उतरतो. उपाय म्हणजे मोजे वाढवत जायचे. कुठे किती मोजे वाढवले याची नोंद म्हणजे स्टंपचा आलेखच. त्यानं ती एका वहीत ठेवायला सुरुवात केली, तारीख, हवा, किती वेळ, किती मोजे.

सराव समुद्रावरच झाला. कर्दे-मुरूडच्या पुळणीवर सुकतीच्या वेळी, ओल्या घट्ट वाळूत, मग हळूहळू वरच्या भुसभुशीत वाळूत. गुडघ्याखाली पाय नसलेल्या माणसाला चालायला साधारण पाव भाग जास्त ऊर्जा लागते, वाळूत त्याहून अधिक. वेळापत्रक घड्याळाचं नव्हतं, भरती-ओहोटीचं होतं, आणि ते त्याला माझ्याहून चांगलं कळायचं. पायऱ्यांसाठी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. तिथे कातळात देवाचं एक पाऊल दाखवतात. जाता-येता तो तिथे हात लावायचा. चढताना चांगला पाय पुढे, उतरताना नकली पाय पुढे, हा आमचा पहिला धडा. चढण त्याला लवकर जमली. उतरण जमायला तिप्पट वेळ गेला, कारण पायरी उतरताना घोटा वाकून अंगाचा भार सावकाश खाली सोडतो, आणि त्याच्या डाव्या पायाला तो घोटाच नव्हता.

दोर

उंचीची भीती त्याला नव्हती. डोलकाठीवर चढलेला माणूस तो. महाडकडच्या अनुभवी गिर्यारोहकांच्या एका गटानं आम्हाला मदत करायचं कबूल केलं होतं. पहिल्या सरावाला त्यांनी गाठी शिकवायला सुरुवात केली, तर यानं दोन दोर जोडायची गाठ सांगण्याआधीच मारून दाखवली. गिर्यारोहक तिला डबल फिशरमन म्हणतात. बंदरावरची रोजची गाठ. सगळ्यांना फार आनंद झाला आणि आम्हाला वाटलं, दोराचं काम याला सांगायलाच नको.

मग जुमार, म्हणजे दोरावर वर सरकणारी पण खाली न घसरणारी पकड, लावून दोरावर वजन टाकायला सांगितलं. दोर ताणला, वर जिथे बांधला होता त्या अँकरपाशी करकरला, आणि तो जमिनीपासून चार फुटांवर दगडासारखा थिजला. घामानं निथळला, डाव्या मांडीला गोळा आला. खाली उतरवल्यावर म्हणाला, "आवाज तोच आहे."

आठवडाभर मी हे प्रकरण मानसोपचाराकडे पाठवावं की नाही याचा विचार केला, आणि त्याच्याशी बोलून एका समुपदेशकांची मदत घेतलीही. पण मार्ग त्यानंच सुचवला. विंचवर दोर दुसऱ्याच्या हातात असतो, म्हणाला, इथे माझ्या हातात द्या. म्हणून आम्ही उलट्या क्रमानं गेलो. आधी रॅपलिंग, म्हणजे दोरावरून खाली उतरणं, जिथे कमरेला अडकवलेल्या डिसेंडर नावाच्या साधनातून दोर किती सोडायचा ते उतरणाराच ठरवतो. एका जांभ्याच्या खाणीच्या जुन्या भिंतीवर तो रोज दहा-पंधरा फूट उतरायचा. ताण स्वतःच्या मुठीत आला तसा आवाजाचा अर्थ बदलत गेला. जुमारवर परत यायला दोन महिने लागले. ते दोन महिने वाया गेले असं गटातल्या काहींना वाटलं होतं. माझ्या मते संपूर्ण तयारीत त्याहून कामाचं दुसरं काही झालं नाही.

पहिला प्रयत्न

नेहमीची वाट देशावरून आहे. मोहरी गावातून रायलिंगाच्या पठाराकडे, तिथून बोराट्याच्या नाळेनं खाली आणि मग आडवं जाऊन लिंगाणा आणि रायलिंग यांच्यामधल्या खिंडीत. गटाला तीच पाठ होती, आम्हीही तीच धरली. पहाटे चारला टॉर्चच्या उजेडात नाळेत शिरलो.

नाळ म्हणजे मोठमोठ्या धोंड्यांचा उभा उतार. माणसाला आपला पाय कुठे टेकला हे न बघता कळतं. कृत्रिम पावलाला ते कळत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं. टॉर्चच्या उजेडात धोंड्यांच्या सावल्या हलत होत्या आणि त्याला खोली समजत नव्हती. बाकीच्यांना तास-सव्वा तास लागतो तिथे आम्हाला तीन तास लागले. खिंडीत पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं आणि स्टंपच्या पुढच्या टोकाला कातडी लाल झाली होती. तरी कातळावर तो सुरेख चढला. आखूड पाऊल कंगोऱ्यांवर नेमकं बसत होतं. गुहेपर्यंत, म्हणजे त्या जुन्या तुरुंगापर्यंत, पोचलो आणि लायनर काढला तर फोड फुटलेला.

गटाच्या म्होरक्यानं मायेनं सांगितलं, वर फार उरलं नाही, दोघं वरून ओढतो, एक जण खालून पाय ठेवून देतो. शिखर दाखवल्याशिवाय तुला नेणार नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो मला म्हणाला, "ताई, वर गेलो तर माझ्या पायानं खाली येईन का?"

मी म्हटलं, "सांगता येत नाही."

"मग इथून."

त्या क्षणी मला नेपाळची आठवण झाली. २०१७च्या अखेरीस तिथल्या सरकारनं दोन्ही पाय नसलेल्यांना आणि पूर्ण अंधांना एव्हरेस्टवर बंदी घातली होती, सुरक्षेच्या नावाखाली. पुढच्या वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली म्हणून शिया बोयू जाऊ शकले. जाऊ नको म्हणणारा आणि ओढून नेणारा, दोघंही त्या माणसाच्या वतीनं ठरवतात. गुहेत आम्ही जवळजवळ तेच करत होतो. माझं काम निर्णय द्यायचं नव्हतं, खरी माहिती द्यायचं होतं, आणि माझ्याकडची खरी माहिती एवढीच होती की मला माहीत नाही.

परत जाताना नाळ चढायची होती, आणि चढण होती म्हणूनच तो बाहेर पडला. हात, गुडघे, दोन काठ्या. पठारावर यायला संध्याकाळ झाली.

काय चुकलं

फोड बरा व्हायला तीन आठवडे गेले, तेवढे दिवस कृत्रिम पाय बंद. त्या तीन आठवड्यांत आम्ही वही उघडून बसलो.

सर्वात मोठी चूक माझी होती आणि ती बुटांची होती. सराव त्यानं सपाट कॅनव्हासच्या बुटांत केला होता. नाळेसाठी मी त्याला जाड टाचेचे ट्रेकिंगचे बूट घ्यायला लावले. कृत्रिम पायाचा कोन एका ठरावीक टाचेच्या उंचीला जुळवलेला असतो. टाच उंचावली की सॉकेट पुढे झुकते, गुडघा सारखा वाकायला बघतो, मांडी त्याला सरळ धरून धरून थकते आणि नडगीच्या हाडाचं टोक पुढच्या बाजूनं सॉकेटवर दाबलं जातं. फोड बरोब्बर तिथेच होता. मी हे शिकलेली आहे, दुसऱ्यांना शिकवते, आणि तरी चढाईच्या गडबडीत बूट फक्त पकड बघून निवडले.

दुसरी चूक क्रमाची. सगळ्यात वाईट उतरण आम्ही सगळ्यात आधी घेतली होती, तीही अंधारात. ही नेहमीची वाट नेहमीच्या पायांची आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आणि मोजे. सॉकेटचं माप माझ्या क्लिनिकमध्ये सकाळी, पंख्याखाली, विश्रांतीनंतर घेतलं होतं. वहीतल्या नोंदी सांगत होत्या की चार तास चढल्यावर त्याला दोन-तीन मोजे वाढवावे लागतात. खिंडीत घाईत आम्ही एकच वाढवला.

हे सगळं लिहून काढल्यावर तो बराच वेळ शांत होता. मग म्हणाला, "म्हणजे पाय कमी पडला नव्हता." तोपर्यंत त्याला तसंच वाटत होतं हे मला तेव्हा समजलं.

दुसरा प्रयत्न

पुढच्या वर्षी माघातली थंडी धरली. या वेळी वाट कोकणातून घेतली, पाणे गावाकडून लिंगाणामाचीच्या बाजूनं वर. अंतर आणि चढ दोन्ही जास्त, घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी सुटी माती-दगडं, भरपूर, पण सगळी चढण आधी आणि उतरण शेवटी. तीन दिवस ठेवले. पहिल्या दिवशी फक्त खिंडीपर्यंत आणि तिथेच मुक्काम, म्हणजे स्टंपला पूर्ण रात्र मोकळी मिळेल. दुसऱ्या दिवशी चढाई आणि परत खिंडीत. तिसऱ्या दिवशी उजेडात उतरण. मुक्काम वाढल्यानं पाणी जास्त न्यावं लागलं, ते गटातल्या मुलांनी तक्रार न करता वाहिलं. त्यांचे उपकार आहेत.

बूट तेच कॅनव्हासचे, तळाला जाडी न वाढवता चांगलं रबर लावून घेतलेलं. लायनर दोन, एक पायात आणि एक उन्हात वाळत. आठवडाभर आधीपासून रात्री स्टंपला घाम कमी करणारं औषध. दर चाळीस मिनिटांनी थांबायचं, पाय काढायचा, पुसायचं, मोजे मोजायचे, वहीत लिहायचं. कड्यावर पाय निसटून दरीत गेला तर सगळंच संपलं, म्हणून कृत्रिम पायाला एक स्लिंग, म्हणजे मजबूत पट्टी, लावून ती कमरेच्या हार्नेसला, म्हणजे दोर अडकवायच्या पट्ट्याला, अडकवली.

खिंडीत सकाळी नीट उजाडेपर्यंत आम्ही निघालो नाही. त्यानं चालायचं पाऊल काढून चढायचं बसवलं, दोन स्क्रू, आणि कातळाला हात लावला. वरून बिले, म्हणजे निसटला तर सावरणारा दोर, होता, पण कुणी ओढलं नाही. एका घसरड्या पट्ट्यावर, जिथे कंगोरा नाही आणि पावलाच्या घर्षणावरच उभं राहावं लागतं, तिथे ताठ पाऊल दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा त्यानं नकली पायावर भार न देता उजवा पाय वर आणून, गुडघा टेकवून तो पट्टा पार केला. गिर्यारोहणात गुडघा टेकवणं शिस्तीत बसत नाही. म्होरक्या खालून ओरडला, "टेकव, टेकव!"

गुहेत पाऊण तास थांबलो. कातडी गुलाबी होती, फोड नव्हता. मोजे चार.

माथ्यावर पोचलो तेव्हा दुपार व्हायची होती. जागा अरुंद, वारा भरपूर. पश्चिमेला रायगड आडवा पसरलेला, आणि त्यावर जगदीश्वराचं देऊळ कुठे असेल ते त्यानं बोट करून दाखवलं. फोटो काढले. मग तो खाली बसला, पाय काढला, स्टंप पुसला, मोजे मोजले, वही काढली. वर असताना सगळ्यात जास्त वेळ त्यानं त्यातच घालवला.

उतरताना रॅपलिंग. स्टंपवर भार जवळजवळ नव्हता, सगळा दोरावर होता. प्रत्येक टप्प्यावर दोर ताणला की करकरत होता. मी त्याच्या आधी उतरले होते, खालून बघत होते. तो थांबत नव्हता.

तिसऱ्या दिवसाची उतरण लांबली. घसाऱ्यावर दोन काठ्या, डावा पाय आधी, तिरकं अंग, दर वीस मिनिटांनी थांबा. पाणे गावात पोचलो तेव्हा दिवे लागले होते आणि नडगीच्या टोकाशी कातडी नखाएवढी सोललेली होती.

नंतर

हर्णैला परतल्यावर जेट्टीवर, देवळात, लग्नात, जो भेटेल तो विचारायचा, वर काय वाटलं? नाखवाकाकांनी पेढे वाटले. तो सगळ्यांना बरं वाटलं एवढंच सांगायचा. घरी पोचलो त्या रात्री त्याच्या आईनं शिखराचं काही विचारलं नाही. पाटावर बसवून तिनं विचारलं, "उतरताना दुकला काय रे?"

"दुकला," तो म्हणाला, आणि पाय काढून कुठे ते दाखवलं.

सोललेली जागा नवव्या दिवशी कोरडी झाली. सहा आठवड्यांनी नवं माप घेतलं. स्टंपचा घेर आणखी कमी झाला होता, म्हणून सॉकेट बदलावी लागली. जुनी सॉकेट त्यानं टाकली नाही, सुटीच्या दिवशी होडी धुताना घालतो. आखूड पाऊल पडवीत जाळ्यांशेजारी खिळ्याला अडकवलेलं आहे, रबर थोडं झिजलं आहे, तेवढं बदलून घ्यायला त्याला पुण्याला जायचं आहे. वही अजून चालू आहे. मे महिन्यातल्या नोंदींत घामाचे आकडे फार वाढलेले दिसतात, त्यावर आम्ही दोघं सध्या काम करतो आहोत.